फास्टर फेणे कोणत्या क्लासचा?

प्रश्न : आम्ही चौघं सुट्टीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ, २०१४ची पाचवी आवृत्ती) खेळणार आहोत. मोहीम आपल्या नागपुरातच, भर मे महिन्यात, इतवारीच्या गल्ल्यांपासून सीताबर्डीच्या किल्ल्यापर्यंत. मला फास्टर फेणेसारखं पात्र हवंय. मित्र म्हणतात, फायटर (लढवय्या) घे. काय घेऊ?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ‘रोग’ (rogue, म्हणजे चलाख, लपूनछपून काम साधणारा) घ्या. अडचणीत सापडल्यावर नायक दर वेळी काय करतो, त्यावरून क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, ठरतो. बन्या फेणे ताकदीवर जिंकत नाही. तो हेरतो, ताडतो आणि ऐनवेळी निसटतो. मुळात या खेळातले कितीतरी क्लास कादंबऱ्यांतूनच आले. १९७५चा रेंजर (रानोमाळ भटकणारा योद्धा) टोल्किनच्या अ‍ॅरागॉर्नवर बेतलेला, पॅलाडिन (धर्मवीर योद्धा) पॉल अँडरसनच्या नायकावर.

आता आकडे. साधा मानव घ्या. सहा गुणांना आकडे असे वाटा : १५ चपळाईला, १४ बुद्धीला, १३ काटकपणाला, १२ शहाणपणाला, १० व्यक्तिमत्त्वाला, ८ ताकदीला. मानवाला प्रत्येकात १ वाढतो. पहिल्या लेव्हलला हिट पॉइंट (मार सोसायची क्षमता) १० होतात. एक्स्पर्टीज (खास प्रावीण्य) शोधकामात आणि कसरतीत घ्या, म्हणजे फाशाच्या आकड्यात अनुक्रमे +६ आणि +७ मिळतात. पाकीटमारीत ती मुळीच घालू नका, बन्या चोर नव्हे!

हातात लाठी द्यावीशी वाटेल, पण तिथेच घोळ होतो. रोगच्या स्नीक अटॅकला (मोका साधून केलेल्या वाराला) फिनेस (चपळाईने चालवायचं) किंवा दुरून मारायचं शस्त्र लागतं. लाठी त्यात बसत नाही आणि इजेचा जादाचा एक सहा बाजूंचा फासा हातचा जातो. खंजीर द्या. बन्या जीव घेणार नाही, त्याचीही सोय आहे : जवळून केलेल्या वाराने शत्रूचे हिट पॉइंट शून्यावर आले, की त्याला नुसतं बेशुद्ध करता येतं. फेकलेल्या खंजिराला ही सवलत नाही.

पुस्तकातला नायक एकटाच पुढे धावतो, तुम्ही धावू नका. अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरायची सवलत) नसेल तर स्नीक अटॅकसाठी शत्रूपासून ५ फुटांत तुमचा एक साथीदार लागतो.

आणि मे महिना निवडलात ते फार छान! ३८ अंशांच्या वर प्यायला पाणी नसेल, तर दर तासाला काटकपणाचा सेव्ह (बचावाचा फासा) टाकावा लागतो. पहिल्या तासाला किमान ५ यावे लागतात, पुढे दर तासाला हा आकडा एकेक वाढत जातो. चुकला की थकव्याची एक पायरी. जड चिलखतवाल्याला दोन फासे टाकून कमी आकडा धरावा लागतो. तुम्ही चामड्याच्या हलक्या चिलखतात सुटाल. जड चिलखतात वावरणारा पॅलाडिन घेणाऱ्या मित्राला मात्र आत्ताच सांगून ठेवा.