तोंड एका बाजूला वाकडं झालं, तर लकवाच समजायचा का?

नाही, तुमच्या वडिलांचं तोंड सकाळी उठल्यावर वाकडं दिसलं म्हणजे मेंदूचाच लकवा असेल असं नाही, आधी त्यांना भुवया वर करायला लावा. लोंबणाऱ्या बाजूला कपाळावर आठ्या पडत नसतील, डोळा मिटत नसेल, चूळ भरताना पाणी ओघळत असेल आणि हातापायांत जोर शाबूत असेल, तर बहुधा चेहऱ्याची नस सुजली आहे (बेल्स पाल्सी). कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, म्हणून मेंदूच्या लकव्यात आठ्या सहसा पडतात, गाल तेवढा लोंबतो. सोबत हात गळतो, बोबडी वळते. तसं असेल तर १०८ लावा आणि सिटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. मेंदूच्या नळीतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच चालतं, आणि ते तास वडील रात्री शेवटचे धड दिसले तेव्हापासून मोजतात. कबुतराचं रक्त, झाडपाला यात ही वेळ घालवू नका. स्कॅनआधी ॲस्पिरिनही देऊ नका, रक्तस्राव असला तर घात होतो. नस सुजली असेल तर ७२ तासांत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू व्हाव्यात, डोळ्यात थेंब आणि रात्री पट्टी. दोन्ही पापण्या जड होऊन गिळता येत नसेल, रात्री जमिनीवर झोपले असतील, तर मण्यार चावल्याचा संशय धरा. चाव्याची खूण दिसतेच असं नाही. मात्र कपाळाची खूण शंभर टक्के नाही, मेंदूच्या देठातल्या लकव्यात तीही चुकते, म्हणून डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवाच.