शेअर्स आहेत हे फॉर्ममध्ये लिहिलं म्हणजे झालं का?

प्रश्न: माझ्या सासूबाई मोठ्या दिरांकडे अमेरिकेत असतात. तिथल्या एका युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये त्यांना नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये येता का असं विचारलंय. संमतीच्या फॉर्ममध्ये एक ओळ आहे की मुख्य संशोधकाचे औषध बनवणाऱ्या कंपनीत शेअर्स आहेत. दीर म्हणतात, लपवलं नाही ना, मग माणूस सरळ आहे. माझं मन काही तयार होत नाही. मी उगाच शंका घेतेय का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही ताई, अजिबात उगाच नाही. जेसी गेल्सिंगर नावाचा ॲरिझोनाचा १८ वर्षांचा मुलगा होता, लिव्हरचा जन्मजात आजार पण सौम्य, गोळ्या आणि पथ्यावर त्याचं नीट चाललेलं, तरी हाच आजार ज्या तान्ह्या बाळांच्या जिवावर उठतो त्यांना उपयोग होईल म्हणून तो पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या जीन थेरपी, म्हणजे शरीरात जनुक सोडून करायच्या उपचाराच्या, ट्रायलमध्ये गेला. १३ सप्टेंबर १९९९ ला डोस दिला आणि १७ ला तो गेला. तिथल्या संस्थेचे प्रमुख डॉ. जेम्स विल्सन यांनीच जेनोव्हो ही जीन थेरपीची कंपनी काढली होती, त्यांचाही हिस्सा आणि युनिव्हर्सिटीचाही. आणि त्या मुलाने सही केलेल्या फॉर्ममध्येही तुमच्यासारखीच एक ओळ होती, की यांचा यात आर्थिक फायदा आहे. काय नव्हतं, तर आधीच्या प्रयोगांत माकडं मेली होती ते. शिवाय डोसच्या आधी त्याच्या रक्तातलं अमोनिया ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होतं, हे नंतर एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, तपासात निघालं. पैशामुळे निर्णय बदलले नाहीत असं विल्सन सांगत राहिले, आणि कुणाच्या मनातलं कोण सिद्ध करणार? २००५ मध्ये सरकारशी तडजोड झाली, युनिव्हर्सिटीने पाच लाख डॉलरच्या वर भरले, चूक कबूल न करता.

माझं म्हणणं एवढंच, की ती ओळ लिहून संशोधकाची जबाबदारी संपत नाही, ती फक्त पेशंटच्या गळ्यात पडते. त्यातही कंपनीने डॉक्टरला दिलेली सल्ल्याची फी वेगळी आणि शेअर्स वेगळे. फी ट्रायल फसली तरी मिळालेली असते, शेअरची किंमत मात्र निकालावरच वरखाली होते, म्हणून मला शेअर्स जास्त खटकतात.

दिरांना ओपन पेमेंट्स या सरकारी साइटवर डॉक्टरांचं नाव टाकायला सांगा, फुकट आहे, २०१४ पासून सुरू आहे, कंपनीने कोणाला जेवण, प्रवास, फी म्हणून किती दिलं ते दिसतं. रिसर्च पेमेंट म्हणून मोठा आकडा दिसला तर लगेच दचकू नका, ते बहुतेक संस्थेकडे ट्रायलच्या खर्चाला जातात. उलट तिथे काहीच नाही दिसलं तरी निर्धास्त होऊ नका, कारण ज्या छोट्या कंपनीचं एकही औषध अजून बाजारात नाही तिला तिथे माहिती द्यावी लागत नाही, आणि प्रोफेसरांनी स्वतः काढलेल्या कंपन्या बऱ्याचदा अशाच असतात.

मग युनिव्हर्सिटीलाच विचारायचं. ट्रायलला तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा म्हणजे एनआयएचचा पैसा असेल तर २०११ च्या नियमाप्रमाणे मुख्य संशोधकांचे असे हितसंबंध त्यांनी वेबसाइटवर टाकायचे असतात, नाहीतर कोणी विचारलं की कामकाजाच्या पाच दिवसांत लेखी सांगायचं असतं. सोबत हेही विचारा: सासूबाई ट्रायलला योग्य आहेत हे कोण ठरवणार, त्यांना समजावून सही कोण घेणार, काही त्रास झाला तर तो औषधामुळे की नाही हे कोण लिहिणार. या तिन्ही जागी शेअर्सवाला माणूस नको. आणि प्राण्यांवर किंवा आधीच्या पेशंटवर काय वाईट झालं ते स्पष्ट विचारा.

उत्तरं गुळमुळीत आली तर सरळ नाही म्हणा. ट्रायलला नकार दिला म्हणून त्यांचे नेहमीचे उपचार कोणी थांबवू शकत नाही, आणि आत गेल्यावरही त्या कधीही बाहेर पडू शकतात, फक्त औषध अचानक बंद करताना काय काळजी घ्यायची ते आधीच विचारून ठेवा.