उत्तर : "माझ्या आयपीवरून धमकीचा मेल गेला म्हणतात, चौकीत बोलावलंय"

"ब्रॉडबँडवाल्याने पोलिसांना माझंच नाव दिलं" हे तुमचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. सहा वर्षांपूर्वी मीही तिथेच होतो. आयपीवरून, म्हणजे कनेक्शनच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, माझ्या माथी फसवणुकीचं बनावट खातं मारलं होतं. वकील गाठा वगैरे सांगत बसत नाही.

माझी घोडचूक सांगतो. फोन आल्याबरोबर घाबरून राउटर फॅक्टरी रिसेट केला आणि, नको ती ब्याद म्हणून, कनेक्शनच बंद केलं. राउटरमधल्या नोंदी गेल्या, ग्राहक पोर्टलचं लॉगिन गेलं, आणि चौकीतल्या साहेबांनी "पुरावा पुसला" असंच धरलं. मग सेशनची, म्हणजे माझं कनेक्शन कधी चालू-बंद झालं त्याची, नोंद मागायला कंपनीच्या ऑफिसात अकरा हेलपाटे. उत्तर एकच : "तुम्ही आता आमचे ग्राहक नाही." पोलिसांच्या एका मेलवर नाव देऊन मोकळे झालेले हे लोक मला माझीच नोंद देईनात! असो, अजून डोकं फिरतं.

भानगड काय होती? छोट्या कंपन्या सीजीनॅट (एकच आयपी अनेकांत वाटण्याची सोय) लावून एका पब्लिक आयपीमागे कितीतरी घरं बसवतात. नुसत्या आयपी आणि वेळेवरून घर ठरत नाही, सोर्स पोर्टही, म्हणजे त्या आयपीमागचं नेमकं कनेक्शन ओळखू देणारा क्रमांकही, लागतो. माझ्या नोटिशीत तो नव्हता. वर वेळ ०५:१० ही यूटीसी (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) होती, कंपनीने ती भारतीय धरली. खरी वेळ सकाळी १०:४०, आणि त्या गुरुवारी आमच्याकडे ९ पासून वीज बंद. वीज बंदचा एसएमएस फोनमध्ये सापडला, त्यावर सुटलो.

तेव्हा राउटरला हात लावू नका. नोटीस कोणत्या कलमाची ते बघा : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) १७९ असेल तर साक्षीदार, ३५(३) असेल तर संशयित. पोर्ट आणि टाइमझोन लेखी मागा, पोच घ्या. सीईआरटी-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात, म्हणून नोंदी जपून ठेवा असं कंपनीला आजच लिहा. मी वकील नाही, कलमं तपासून घ्या.

माझं मत विचाराल तर, "नेटवर प्रत्येकाची ओळख सक्तीची करा, गुन्हेगार सापडतील" हे मला पटत नाही. माझं आधारकार्ड कंपनीकडे होतंच की! २००७ मध्ये ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवरच्या शिवाजी महाराजांबद्दलच्या मजकुरावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूचा एक संगणक अभियंता उचलला. आयपीची माहिती चुकीची निघाली, तोवर त्याचे ५० दिवस तुरुंगात गेले होते. लेखी आदेश आला तर कंपनीने माहिती जरूर द्यावी, पण "आमच्याकडून नक्की सांगता येत नाही" हेही लिहून द्यायची हिंमत हवी. अंदाजपंचे नाव देणं म्हणजे तपासाला मदत नव्हे.

जाता जाता, शेजाऱ्यांना वायफायचा पासवर्ड दिलाय का? आणि नोटिशीत वेळेपुढे आयएसटी (भारतीय वेळ) लिहिलंय का, तेवढं बघून सांगा.