मड ड्रॅगनच्या जाती ओळखण्यात करिअर होतं का? देवगडहून आलेल्या एका आईच्या पत्राला उत्तर

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. मुलगी टीवायबीएस्सीला आहे, झूलॉजी घेतलंय, एका वर्कशॉपला मायक्रोस्कोपखाली तिने मड ड्रॅगन बघितला आणि तेव्हापासून ह्यांच्याच जाती ओळखायच्या, ह्यांचंच वर्गीकरण करायचं म्हणून हटून बसलीय, घरातले म्हणतायत बीएड कर आणि मार्गाला लाग, आणि तुम्ही विचारताय की डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांवर कुणाचं पोट भरतं का. भरतं ताई. पण नुसत्या मड ड्रॅगनवर नाही भरत, आणि हे तिला आत्ताच नीट समजलं पाहिजे.

ती कशाच्या मागे लागलीय ते आधी तुम्हाला सांगतो, म्हणजे घरी बोलताना बरं पडेल. शास्त्रीय नाव किनोरिंका. बहुतेक सगळे एक मिलिमीटरपेक्षा लहान, राहतात समुद्राच्या चिखलात, खाडीच्या तोंडापासून पार खोल समुद्राच्या तळापर्यंत. डोक्यावर हुकासारख्या वाकड्या काट्यांची वर्तुळं असतात, डोकं बाहेर काढायचं, काटे चिखलात रुतवायचे, अंग पुढे ओढायचं आणि डोकं परत आत, असं करत तो सरकतो. 1841 मध्ये फ्रान्सच्या सेंट मालोच्या किनाऱ्यावर दुजार्दाँ ह्या शास्त्रज्ञाला तो पहिल्यांदा सापडला आणि तेव्हापासून आजपर्यंत जेमतेम तीनशेच्या वर जाती नोंदल्या गेल्यात. समुद्र केवढा आणि जाती एवढ्याच, कारण बघणारेच थोडे आहेत.

आता जात ओळखायची म्हणजे नक्की काय करायचं, हे तिने वर्कशॉपच्या उत्साहात बघितलं नसणार. समजा नमुना एकिनोडेरिस ह्या वंशातला (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट) आहे, सगळ्यात मोठा वंश हाच, शंभराच्या वर जाती. धडाचे खंड अकरा. पहिले दोन खंड पूर्ण कड्यासारखे, तिसऱ्यापासून पुढे प्रत्येक खंडाला पाठीवर एक पट्टी आणि पोटावर दोन. मग प्रत्येक खंडावर पाठीच्या मध्यावर काटा आहे की नाही, बाजूला आहे का, बारीक नळ्या कुठल्या खंडावर, ग्रंथींची तोंडं कुठे, संवेदनेचे ठिपके कुठे, हे सगळं एकेक करून तक्त्यात भरायचं आणि प्रत्येक काट्याची लांबी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजायची. शेवटच्या खंडावर मोठ्या काट्यांशेजारी आणखी एक छोटी जोडी दिसली तर मादी, त्याऐवजी तीन जोड्या बारीक काटे असतील तर नर. पिल्लं सहा अवस्थांमधून जातात, त्यांचे काटे मोठ्यांसारखे नसतात, म्हणून पिल्लावरून जात ठरवायला गेलं की घोळ होतो. एवढं झालं की जगभरच्या जुन्या वर्णनांशी ताडून बघायचं, आणि तरीही कुठेच बसत नसेल तर मग नवीन जात म्हणायची, तिचा मूळ नमुना म्युझियममध्ये जमा करायचा, चित्रं काढायची, पेपर लिहायचा. तुम्ही लिहिलंय की ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वहीत ह्यांची चित्रं काढत बसते. ताई, ह्या कामात हाताने चित्र काढता येणं हे खरंच भांडवल आहे, त्यावरून तिला ओरडू नका.

आपल्याकडे काम झालंच नाही असंही नाही. हिगिन्स ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने साठच्या दशकात हिंदी महासागरातल्या किनोरिंकांवर लिहिलं, पुढे 1979 मध्ये त्याने आणि राव ह्यांनी अंदमानची एकिनोडेरिस अंदमानेन्सिस ही जात नोंदवली. पण आपल्या कोकणच्या चिखलाकडे ह्या नजरेने बघणारी माणसं फारच कमी, त्यामुळे तिला काम कमी पडणार नाही.

आता पोटापाण्याचं. "मड ड्रॅगन तज्ज्ञ पाहिजे" अशी जाहिरात कधीच येत नाही. नोकरी असते ती समुद्रतळाच्या जीवांवर काम करणाऱ्याला, म्हणजे चिखल 63 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळून त्यात राहिलेले सूत्रकृमी, कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव) वगैरे सगळेच गट ओळखून मोजणाऱ्याला. मड ड्रॅगन त्यात अगदी थोडे निघतात. बंदर, जेट्टी असे प्रकल्प आले की पर्यावरण अहवालात तळाच्या जीवांची माहिती लागते, तिथे सल्लागार कंपन्यांना अशी माणसं हवी असतात. मोठं काम खोल समुद्राचं, मध्य हिंदी महासागरात तळावर पडलेल्या धातूच्या गोळ्यांच्या शोधासाठी भारताकडे 75,000 चौरस किमीचं क्षेत्र आहे, आणि तळ खरवडायच्या आधी तिथे कोण कोण राहतं ते नोंदवावंच लागतं. केंद्र सरकारच्या, 2021 ला मंजूर झालेल्या डीप ओशन मिशनमध्ये, 4,077 कोटींचं आहे ते, जैवविविधतेचा शोध हाही एक भाग आहे. माझ्या मते पुढची काही वर्षं ह्या कामाला मागणी राहील, पण पर्मनंट जागा थोड्या आणि त्याला वेळ लागतो, हे मी लपवणार नाही.

म्हणून रस्ता असा धरा. एमएस्सी झूलॉजी किंवा मरीन बायोलॉजी, आणि डिझर्टेशन शक्यतो गोव्यात दोना पावलाच्या एनआयओमध्ये, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, देवगडहून जवळ पण आहे. त्याच काळात सीएसआयआर नेटची तयारी लाइफ सायन्सेसमधून, त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 आणि वर घरभाडं, म्हणजे पीएचडीच्या वर्षांत घरून पैसे मागायला नकोत. सोबत महाराष्ट्र-गोव्याची सेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा, पण द्यायचीच, कारण एमएस्सी आणि सेट हातात असली की कॉलेजात शिकवायचा दरवाजा उघडा राहतो, आणि तुम्हाला जी शिक्षकी पेशाची सुरक्षितता हवीय ती बीएड न करताही थोडीफार मिळते. बीएड पुढे कधीही करता येतं, दोन वर्षांचं तर आहे. पीएचडीनंतर मात्र बाहेर जायची तयारी ठेवा, कोपनहेगनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम, माद्रिदचं कॉम्प्लुटेन्से विद्यापीठ, ह्या गटाचं खरं शिक्षण तिथे मिळतं. बोटीवर मुलगी कशी जाणार ही तिच्या बाबांची काळजी समजते, पण संशोधनाच्या बोटींवर मुली जातात, आणि बरंचसं काम किनाऱ्यावर बसून बरण्यांमधल्या नमुन्यांवरच चालतं.

ॲडमिशनच्या आधी एक करून बघायला सांगा. ओहोटीला खाडीतला वरचा सेंटीमीटरभर चिखल काढायचा, जिथे पाय रुततो तिथे एकटीने जायचं नाही, बादलीत समुद्राच्या पाण्यात तो कालवायचा आणि फिश टँकच्या पंपाने हवेचे बुडबुडे सोडायचे. मड ड्रॅगनच्या अंगाला पाणी धरत नाही, बुडबुड्यांबरोबर ते वर येतात आणि पाण्याच्या पृष्ठभागावर अडकतात. त्यावर साधा कागद अलगद टेकवून उचलायचा, बारीक चाळणीवर धुवायचा आणि जे राहील ते कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली बघायचं. पहिल्या खेपेला बहुतेक काहीच मिळणार नाही, मिळाला तर त्याचे अकरा खंड मोजून कुठल्या खंडावर काय आहे ते कागदावर उतरवायचं, आणि हे एक-दोन महिने दर रविवारी करायचं. नमुन्यांमागून नमुने रिकामे गेल्यावरही ती पुढच्या रविवारी चिखल आणायला निघाली तर एमएस्सीचा फॉर्म भरा. कंटाळली तर तसं मोकळेपणाने सांगू द्या, झूलॉजीत इतर विषय भरपूर आहेत, आपण त्यावर बोलू. काढलेल्या तक्त्यांचे फोटो मला पाठवा, मी बघून कळवतो.