डोपिंगला 'भेसळ' म्हणावं का?

विचारणा अशी आहे: 'प्रकाश देणाऱ्या पेरोव्हस्काइट नॅनोस्फटिकांवर मराठीत लिहितो आहे. डोपिंगला भेसळ म्हणू, मादन की अपमिश्रण? आणि आयन एक्स्चेंजला वेगळा शब्द कशाला? दोन्हींत एक आयन जाऊन दुसराच येतो ना?'

आधी शब्दांची ओळख: पेरोव्हस्काइट ही स्फटिकरचनेची एक जात, नॅनोस्फटिक म्हणजे तिचे अतिसूक्ष्म कण, आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू, आणि डोपिंग म्हणजे स्फटिकात परकं मूलद्रव्य थोडंसं मुद्दाम घालणं.

'भेसळ' पहिल्या फटक्यात बाद. भेसळ चोरून करतात आणि तिने मालाचा कस उतरतो. इथे परकी जिन्नस मोजूनमापून घालतात, तीही गुण यावा म्हणून. 'अपमिश्रण' भारदस्त वाटतं, पण अन्नभेसळीच्या 1954 च्या केंद्रीय कायद्याचं हिंदी नावच 'खाद्य अपमिश्रण निवारण अधिनियम' होतं. म्हणजे भेसळच, फक्त सोवळं नेसून आलेली.

'मादन'चा घोळ मजेदार आहे. इंग्रजी 'डोप'च्या मूळ डच शब्दाचा अर्थ बुडवून खायचं दाट कालवण. इंग्रजीत गेल्यावर तो कुठल्याही दाट द्रवाला लागला, मग अफूच्या पाकाला, मग शर्यतीच्या घोड्यांना चोरून पाजायच्या औषधाला. अर्धवाहकवाल्यांनी, म्हणजे सेमीकंडक्टरवाल्यांनी, तो घेतला तो बराच नंतर. 'मादन' करणाऱ्याने यातला नेमका नशेचा फाटा पकडला. स्फटिकाला कसली आलीय नशा!

भावार्थाने जवळचा शब्द आपल्या स्वयंपाकघरात आहे: मोहन. चकलीच्या पिठात कडकडीत तेल घालतो ते थोडंसंच. चकली चकलीच राहते, पण खुसखुशीत होते. सीझियम लेड क्लोराइडचे (लेड म्हणजे शिसं) नॅनोस्फटिक मुळात जांभळट प्रकाश देतात, सुमारे 410 नॅनोमीटरचा. त्यातल्या थोड्या शिशाच्या जागी मँगनीज बसवलं की स्फटिक ऊर्जा शोषतो, ती मँगनीजला देतो आणि मँगनीज स्वतःचा नारिंगी प्रकाश टाकतं, 600 नॅनोमीटरच्या आसपास. यजमान तोच, पाहुणे मोजके, आणि मैफल पाहुण्यांची. 'मोहन' ही परिभाषा म्हणून मात्र मी सुचवणार नाही. परीक्षेत कुणी तेल लिहील. सरळ 'डोपिंग' लिहा. खेळांच्या बातम्यांमुळे तो शब्द घराघरात पोचला आहेच.

आता एक्स्चेंज. झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ कोव्हालेंको यांच्या गटाने 2015 मध्ये हे सीझियम लेड हॅलाइडचे (हॅलाइड म्हणजे इथे क्लोराइड, ब्रोमाइड किंवा आयोडाइड) नॅनोस्फटिक प्रसिद्ध केले. त्यातल्या हिरव्या ब्रोमाइडवाल्या द्रावात आयोडाइड घातलं की काही सेकंदांत रंग लालकडे सरकतो, क्लोराइड घातलं की निळ्याकडे. तापवायचीही गरज नाही. सीझियम-शिशाचा सांगाडा जागेवर राहतो, स्फटिकाचा आकारही साधारण तोच, पण हॅलाइड आयन रिकाम्या जागांमधून भराभर सरकतात. इथे पाहुणा मोजका नाही. तो अर्धं घर घेईल, नाहीतर सगळंच. आणि नवा रंग पाहुण्याचा स्वतःचा नसतो, बदललेल्या अख्ख्या स्फटिकाचा असतो. गंमत म्हणजे हिरव्या आणि लाल स्फटिकांचे द्राव नुसते एकत्र केले तरी ते आपापसांत आयन देतात-घेतात आणि दोन रंगांचा मधला एकच होतो. याला साटंलोटं म्हणायचा मोह मला आवरत नाही. पुस्तकी भाषेत 'आयन विनिमय' चालेल, मला 'आयनांची अदलाबदल' आवडतं.

विचारणाऱ्यांची शंका मात्र अगदीच चुकीची नाही. मँगनीज शिशाच्या जागी बसतं तेव्हा तीही अदलाबदलच असते, आणि तयार स्फटिकांत नंतर मँगनीज घुसवायचं असेल तर तोच मार्ग वापरतात. फरक इतकाच की 'अदलाबदल' म्हणजे काय घडलं ते, आणि 'डोपिंग' म्हणजे ते किती घडलं आणि कशासाठी. त्यामुळे 'तयार नॅनोस्फटिकांत आयनांच्या अदलाबदलीने मँगनीजचं डोपिंग केलं' असं वाक्य निर्धास्त लिहा. त्यात द्विरुक्ती नाही.