कॅम्पर व्हॅनचा एसी सोलरवर? आधी हिशेब मांड

भाऊ, छतावर पॅनल किती बसतील ते मागाहून पाहू. आधी तुझा एसी किती वॅट ओढतो ते बघ. सरासरी 600 वॅट धरले, तर 2 युनिटची पोर्टेबल बॅटरी इन्व्हर्टरची घट वजा जाता पावणेतीन तास पुरेल. रात्र काढायची तर तिप्पट लागेल. छतावर 400 वॅटचं पॅनल आडवं ठेवून दिवसाला दीड-पावणेदोन युनिट मिळाले तरी खूप झालं. म्हणजे दिवसभराचं ऊन तीनेक तासांत फस्त!

वर आपलं नागपूरचं ऊन. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, वीज भरपूर मिळेल असं वाटतं ना? पण उष्णतेचा फटकाही बसतो. पॅनल 65 अंशांवर तापलं की 14-15 टक्के उत्पादन जातं, म्हणून छत आणि पॅनलमध्ये हवा खेळायला चार बोटं जागा सोड. बॅटरी बंद गाडीत तापू देऊ नकोस. 45 अंशांच्या पुढे बऱ्याच बॅटऱ्या चार्जिंगच थांबवतात.

एसी इन्व्हर्टरवालाच घे, साध्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढतो. पॅनल सुटं असेल तर गाडी सावलीत लाव, पॅनल लांब वायरने उन्हात काढ. आणि खरं सांगू? मे महिन्यात रामटेककडे जाणार असशील तर वाळ्याच्या ताटीचा छोटा कूलर ठेव. कोरड्या हवेत 60-70 वॅटमध्ये भागतं. पावसाळ्यात मात्र तो कुचकामी.