युरिटसच्या हेलॉटाला नाव नाही

प्रिय,

ग्रीसमधल्या थर्मोपिली खिंडीत ग्रीकांनी पर्शियन फौज अडवली, त्या लढाईवरच्या तुझ्या लेखाचा मसुदा वाचला. लिखाणाला वेग आहे, नकाशाही नीट समजून घेतलायस. पण वाचताना वाटतं की इ.स.पू. 480 साली त्या खिंडीत तीनशे स्पार्टन सोडून कोणी नव्हतंच. शेवटपर्यंत थांबलेल्या, थेस्पिया या ग्रीक शहरातल्या सातशे थेस्पियनांना तू एक वाक्य दिलंस. हेलॉटांच्या, म्हणजे स्पार्टनांनी दास करून ठेवलेल्या शेतकऱ्यांच्या, वाट्याला तेवढंही नाही.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या सातव्या पुस्तकात, अगदी शेवटाकडे, युरिटसची हकीकत आहे, ती काढून वाच. डोळे आल्यामुळे हा स्पार्टन मागे अल्पेनॉय गावात पडून होता. पर्शियन फौज डोंगराला वळसा घालून मागून येतेय हे कळल्यावर त्याने चिलखत मागवलं आणि आपल्या हेलॉटाला सांगितलं, मला लढाईत घेऊन चल. हेलॉटाने त्याला नेऊन पोचवलं आणि तो पळून गेला. युरिटस गर्दीत घुसला आणि मेला. युरिटसचं नाव राहिलं, हेलॉटाचं कोणी विचारलं नाही.

त्याला भेकड ठरवायची घाई करू नकोस. मालकाला दिसत नव्हतं. पळायचंच होतं तर वाटेत कुठेही त्याचा हात सोडता आला असता. हा गडी लढाईच्या तोंडापर्यंत गेला. तू गोष्ट रंगवून लिहितोस म्हणून आधीच बजावतो: त्याच्या तोंडी स्वामिनिष्ठा घालू नकोस आणि क्रांतीही घालू नकोस. त्याने काय केलं तेवढं लिही. सगळेच पळाले नाहीत, हेही सांग. लढाईनंतर पर्शियाचा राजा झर्क्सीस याने आपल्या आरमारातल्या लोकांना शत्रूची प्रेतं बघायला बोलावलं. ही सगळी स्पार्टन आणि थेस्पियन आहेत असंच बघणाऱ्यांना वाटलं. हेरोडोटस सांगतो, त्यांत हेलॉटही होते.

आता जरा मागे जा. हेलॉट म्हणजे बाजारातून विकत आणलेले गुलाम नव्हेत. मेसेनिया आणि लॅकोनिया या स्पार्टाच्या ताब्यातल्या मुलखांतले हे शेतकरी आपल्याच जमिनीवर स्पार्टनांसाठी राबत. चरित्रकार प्लुटार्क अॅरिस्टॉटलच्या हवाल्याने सांगतो, स्पार्टाचे एफोर, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेले कारभारी, दरवर्षी अधिकारावर आले की हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे त्यांना मारलं तरी पाप लागत नसे. तुझ्या लेखात युद्ध सुरू होतं ते पर्शियन आल्यावर. यांच्या घरी ते दरसाल सुरू व्हायचं.

आणि याच लोकांना स्पार्टा रणात नेत होती. प्लॅटियाला, इ.स.पू. 479 मध्ये पर्शियनांशी झालेल्या लढाईत, हेरोडोटसच्या हिशेबाने 5,000 स्पार्टनांबरोबर 35,000 हेलॉट होते, माणशी सात. त्याचे आकडे नेहमीच जपून घ्यावेत, पण हे प्रमाण कमी धरलं तरी चित्र बदलत नाही. लढाईनंतर स्पार्टनांनी ज्या कबरी केल्या, त्यांत एक हेलॉटांची होती.

यापुढचं, म्हणजे स्पार्टा आणि अथेन्सच्या युद्धातलं, इतिहासकार थ्युसिडिडीजकडून घे. इ.स.पू. 425 मध्ये स्फॅक्टेरिया बेटावर स्पार्टन अथेन्सच्या वेढ्यात अडकले, तेव्हा जो अन्न पोचवेल त्या हेलॉटाला स्वातंत्र्य, असं जाहीर झालं. कोणी रात्री होड्या खडकांवर घातल्या, कोणी मधातली खसखस आणि कुटलेली जवस कातड्यांत भरून, दोरीने मागे ओढत, पाण्याखालून पोहत गेले. पुढच्या वर्षी स्पार्टन सेनापती ब्रासिडासबरोबर सातशे हेलॉट पायदळ म्हणून उत्तरेला गेले आणि परतल्यावर खरोखर मुक्त झाले. हे सांगतानाच थ्युसिडिडीज दुसरीही एक हकीकत देतो. युद्धात सर्वांत मोठी कामगिरी केली असं ज्या हेलॉटांना वाटतं त्यांनी पुढे यावं, असं स्पार्टाने आवाहन केलं. सुमारे 2,000 निवडले गेले. डोक्यावर हार घालून ते देवळांना फेऱ्या मारून आले, आणि थोड्याच दिवसांत सगळे नाहीसे झाले. जो सर्वांआधी स्वातंत्र्य मागेल तोच सर्वांआधी उठेल, असा त्यामागचा हिशेब. मला विचारशील तर तुझा लेख याच प्रसंगाभोवती उभा राहायला हवा.

अथेन्सच्या गुलामांना एका परिच्छेदात आटप. त्याच युद्धात अथेन्सजवळच्या डेसेलियाला स्पार्टनांनी तळ दिल्यावर 20,000 हून अधिक गुलाम पळाले, त्यांत कारागीर पुष्कळ, आणि इ.स.पू. 406 मध्ये आर्गिनुसीच्या आरमारी लढाईत अथेन्सच्या जहाजांवर वल्ही मारणाऱ्या गुलामांना मुक्त करावं लागलं.

पर्शियाकडे वळताना मात्र सावध राहा. मांडलिक असणं आणि गुलाम असणं यांत फरक आहे, आणि चाबकाखाली लढणारी पर्शियन फौज ही ग्रीकांनी सांगितलेली गोष्ट आहे. तरी झर्क्सीसच्या आरमारात आयोनियातले, म्हणजे आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचे, ग्रीक ग्रीकांवरच चालून गेले, हे खरं. त्याच फौजेतले सुती कपड्यांचे, वेताच्या धनुष्यांचे भारतीय तुला मोहात पाडतील. ते सिंधूकाठच्या प्रांतातले होते. 'आपले मावळे' वगैरे लिहिलंस तर मी ते खोडणार.

ग्रीकांवाचून पर्शिया बघायचा तर बाबिलोनियातल्या निप्पूर शहराच्या मुराशू या सावकार घराण्याच्या मातीच्या पाट्या बघ. पर्शियाचा राजा दुसरा दारियस याच्या काळात गदल-यामा नावाचा एक जण, जमिनीच्या मोबदल्यात द्यावी लागणारी घोडेस्वाराची चाकरी बजावायला स्वतः उरुकला जायला तयार होतो. बदल्यात घोडा, त्याचा साज, चिलखत, बाण आणि वाटखर्चाला एक मिना (सुमारे अर्धा किलो) चांदी मागून घेतो. सौदा साक्षीदारांसह नोंदलेला आहे.

आधी हेलॉटांचा भाग नव्याने लिहून पाठव. पर्शियाचं त्यानंतर बघू.